पालनकर्ता नसलेला राजा: कोरियाच्या दानजोंगची गोष्ट, सोप्या भाषेत

कोरियन ऐतिहासिक मालिकांचं वेड आता आपल्याकडेही चांगलंच शिरलंय. त्या बघताना एका ठिकाणी मात्र हमखास अडायला होतं. पंधराव्या शतकातला एक पोरवयाचा राजा त्यांत सारखा डोकावतो. कधी तो दानजोंग असतो, कधी नोसानगुन. त्याचा काका कधी सुयांग असतो, तर कधी सेजो. काकानं पुतण्याची गादी बळकावली, एवढं समजतं. पण ती इतक्या सहज कशी बळकावता आली, गादी मिळाल्यावरही पोराचा जीव का घेतला, आणि मेलेल्या पोराला जवळपास अडीचशे वर्षांनी पुन्हा राजा का ठरवलं, हे कोणी उलगडून सांगत नाही. कोरियन प्रेक्षक ते शाळेतच शिकलेला असतो. आपली पंचाईत होते.

नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: राजा लहान होता आणि काका कपटी होता. दोन्ही खरंच आहे. पण दानजोंगची गादी गेल्यावर चौदा वर्षांनी त्याच घराण्यात साधारण तेवढ्याच वयाचा दुसरा मुलगा गादीवर बसला आणि पंचवीस वर्षं राज्य करून गेला. तेव्हा नुसत्या वयावर खापर फोडून भागत नाही. माझ्या मते दानजोंगचा घात केला तो घरातल्या एका रिकाम्या जागेनं.

आधी नावांचा गुंता सोडवू

जोसॉन हे कोरियाच्या राजघराण्याचं आणि राज्याचंही नाव. १३९२ मध्ये ते सुरू झालं आणि पाचशे वर्षांहून जास्त टिकलं. या घराण्यातल्या राजांची जी नावं आपण वाचतो ती त्यांची खरी नावं नव्हेत. राजा गेल्यावर पूर्वजांच्या देवघरात त्याची पाटी ठेवताना जे नाव देत, ते हे स्मृतिनाम. म्हणजे दानजोंगला जिवंतपणी कोणीही दानजोंग म्हटलं नाही. त्याचं नाव होतं यी होंग-वी. गादीवरून खाली ओढल्यावर त्याला 'गुन', म्हणजे साधा राजपुत्र, असा हलका किताब दिला आणि तो नोसानगुन झाला. दानजोंग हे नाव मेल्यावर २४१ वर्षांनी लागलं.

काकाचंही तसंच. जिवंतपणी राजपुत्र सुयांग, मेल्यावर सेजो. त्यात आजोबांचं नाव सेजोंग. सेजो आणि सेजोंग या दोन नावांनी भल्याभल्यांची दांडी उडते, म्हणून काकाला इथे शेवटपर्यंत सुयांगच म्हणतो. राजा झाल्यावरही.

आजोबा थोर, बाप हुशार, आई नाही

आजोबा म्हणजे तेच सेजोंग, ज्यांनी कोरियन लिपी हांगुल घडवली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. त्यांचा थोरला मुलगा मुनजोंग हा दानजोंगचा बाप. मुनजोंग अभ्यासू होता. पाऊस किती पडला हे मातीत ओल किती खोल गेली यावरून न ठरवता भांड्यात साठलेल्या पाण्यावरून मोजायचं, हा प्रयोग त्यानं युवराज असताना १४४१ मध्ये केल्याची दरबारी नोंद आहे.

संसाराच्या बाबतीत मात्र त्याचं नशीब फुटकं होतं. पहिल्या युवराज्ञीनं नवऱ्याचं मन वळवायला जादूटोणा केला. त्याला आवडणाऱ्या बायकांचे जोडे जाळून त्यांची राख त्याला पाजायचा बेत होता. तो उघडकीला आला आणि तिला हाकललं. दुसरीही काही वर्षांनी पदावरून गेली. मग महालातच असलेल्या, एका मुलीची आई झालेल्या क्वोन घराण्यातल्या बाईंना युवराज्ञी केलं. १४४१ च्या उन्हाळ्यात त्यांना मुलगा झाला. हाच आपला होंग-वी. आणि दुसऱ्याच दिवशी बाळंतीण गेली.

मुनजोंगनं त्यानंतर पट्टराणी केलीच नाही. भावनेच्या भरात केलं असेल, कंटाळून केलं असेल, पण या एका गोष्टीची किंमत पुढे मुलानं मोजली. बाळाला वाढवलं आजोबांच्या एका उपपत्नीनं, यांग बाईंनी. मुलाहून पाच वर्षांनी मोठी सख्खी बहीण होती, राजकन्या ग्योंगह्ये. आजी १४४६ मध्ये गेली, आजोबा १४५० मध्ये. बाप दोन वर्षं राज्य करून १४५२ मध्ये गेला, वय अवघं सदतीस-अडतीस. होंग-वी तेव्हा अकरावं वर्ष पुरं करत होता. जुन्या कोरियन हिशेबात बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरत, म्हणून मालिकांत त्याचं वय बारा सांगतात.

सातबाऱ्यावरचा 'अ.पा.क.'

आपल्याकडे शेतजमीन लहान मुलाच्या नावावर लागली की सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहून एका मोठ्या माणसाचं नाव घालतात. अज्ञान पालनकर्ता. जमीन पोराचीच, पण तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीनं सही कोणाची, हे कागदावर स्पष्ट असतं. बहुतेक वेळा तिथे आईचं नाव असतं.

गादीवर बसलेल्या पोरालाही असा पालनकर्ता लागतो. कोरिया आणि चीन या दोन्हीकडच्या परंपरेत ही जागा राजघराण्यातल्या ज्येष्ठ विधवा राणीची. ती चिकाच्या पडद्याआड बसते, मंत्री पडद्यासमोर कागद मांडतात आणि पोर मोठं होईपर्यंत निर्णय तिच्या तोंडून येतात. बाईच का? तर बाई स्वतः गादीवर बसू शकत नाही. पोर टिकलं तर तिचं पद टिकतं आणि पोर गेलं तर तीही जाते. चुलत्याचं नेमकं उलट असतं. त्याला पोराचं रक्षणही करता येतं आणि पोराच्या जागी बसताही येतं. पालनकर्ता म्हणून त्याच्याइतका धोक्याचा माणूस नाही.

होंग-वीच्या बाबतीत हा रकाना कोरा होता. आजी नाही, आई नाही, सावत्र आईसुद्धा नाही. यांग बाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, पण त्या उपपत्नी. उपपत्नीला पडद्याआड बसायचा अधिकार नव्हता. घरात होते ते चुलते, आणि तेही वयात आलेले, हुशार, महत्त्वाकांक्षी. सुयांग दुसरा, आनप्योंग तिसरा.

पिवळा ठिपका

मरताना मुनजोंगनं पोर मंत्र्यांच्या ओटीत घातलं. त्यात दोघे प्रमुख: ह्वांगबो इन आणि किम जोंग-सो. किम जोंग-सो यांनी उत्तर सरहद्दीवर ठाणी उभारली होती. लोक त्यांना वाघ म्हणत.

नेमणुकांची रीत अशी होती की एका जागेसाठी तीन नावं राजापुढे येत आणि राजा एका नावावर ठिपका देई. आता राजा दहा-अकरा वर्षांचा. त्याला कोण माणूस कसा आहे हे काय कळणार? म्हणून मंत्री आधीच एका नावावर पिवळी खूण करून ठेवत आणि राजा त्यावरच ठिपका देई. व्यवहार म्हणून ठीक. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? राज्य मंत्री चालवतात आणि राजा फक्त ठिपके देतो.

सुयांगनं नेमकं हेच धरलं. घराण्याची सत्ता चाकरांच्या हाती गेली आहे आणि ती परत आणायला हवी, हा त्याचा मुद्दा. वरकरणी पुतण्याच्या बाजूनंच बोलणं चाललं होतं.

मग सुयांगचं म्हणणं खरं नव्हतं का?

अर्धं खरं होतं. पिवळी खूण ही काही कोणी रचलेली कथा नाही. राजा सबळ असावा की मंत्रिमंडळ, हा जोसॉनमधला जुनाच वाद होता आणि सेजोंगच्या बापानं तर हाच वाद तलवारीनं सोडवला होता.

पण सुयांगनं पुढे आरोप केला तो वेगळा: मंत्री आनप्योंगला हाताशी धरून राजाला उलथवणार आहेत. या कटाचा पुरावा जिंकलेल्या बाजूच्या कागदांतच सापडतो. ज्यांच्यावर आरोप होता ते त्याच रात्री मारले गेले, त्यामुळे त्यांची बाजू मांडायला कोणी उरलंच नाही. आणि साधी गोष्ट बघा. पोर गादीवर असेपर्यंत मंत्र्यांची चलती होती. ते त्याला कशाला उलथवतील? पोर टिकण्यात सर्वांत जास्त फायदा त्यांचाच होता.

१४५३ ची ती रात्र

चांद्र पंचांगातल्या दहाव्या महिन्याचा दहावा दिवस. संध्याकाळी सुयांग मोजकी माणसं घेऊन राजधानीच्या पश्चिम वेशीबाहेर किम जोंग-सो यांच्या घरी गेला. आत जायला नको म्हणाला, दारातच उभा राहिला. आपल्या टोपीला लावायचा पंख पडला आहे, तुमचा एक द्याल का, असं काहीतरी किरकोळ बोलणं काढलं. मग एक चिठ्ठी पुढे केली. अंधार पडलेला. म्हाताऱ्यांनी ती वाचायला चांदण्यात धरली आणि सुयांगच्या नोकरानं त्यांच्या डोक्यात लोखंडी सोटा घातला. मुलगा बापाच्या अंगावर पालथा पडला, तर त्याला तिथेच कापला.

वाघ मात्र एका घावात मेला नाही. शुद्धीवर आल्यावर ते बायकांच्या मेण्यात बसून शहरात शिरायला निघाले, राजापर्यंत बातमी पोचवायला. एकाही वेशीचं दार उघडलं नाही. शेवटी सुनेच्या माहेरी लपले. तिथे त्यांना शोधून मारलं.

तोवर राजवाड्यात दुसरा अंक चालू होता. राजाच्या नावानं मंत्र्यांना रातोरात बोलावणं गेलं. दारात हान म्योंग-हो नावाचा माणूस यादी घेऊन उभा होता, असं परंपरा सांगते. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला तिथेच संपवायचं, याची यादी. हा हान म्योंग-हो तोवर कोणाच्या खिजगणतीत नव्हता. परीक्षांत नापास झालेला, एका जुन्या राजवाड्याच्या देखरेखीची किरकोळ नोकरी करणारा. नाव लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

ह्वांगबो इन त्या रात्री गेले. आनप्योंगला बेटावर पाठवून विषाचा पेला दिला. सुयांग मुख्यमंत्री झाला, नेमणुका आणि लष्करही त्याच्याच हाती. राजा बारा वर्षांचा होता.

लग्न लावून दिलं आणि गादी घेतली

१४५४ च्या सुरुवातीला सुयांगनं पुतण्याचं लग्न ठरवलं. बापाच्या मृत्यूनंतरचा शोककाळ अजून संपला नव्हता, त्यामुळे मुलानं नको म्हटलं; पण ऐकतो कोण. सोंग घराण्यातली मुलगी राणी झाली. ती त्याच्याहून वर्षभरानं मोठी, म्हणजे तीही पोरच. पालनकर्त्याच्या कोऱ्या रकान्यात ती बसणं शक्यच नव्हतं.

वर्ष-दीड वर्षात राजाच्या जवळचं एकेक माणूस दूर झालं. धाकटा चुलता ग्युमसोंग पुतण्याच्या बाजूचा होता, त्याला हद्दपार केलं. यांग बाईंनाही हद्दपार केलं, आणि वर्ष संपायच्या आत ठार मारलं. ज्या दिवशी या माणसांना शिक्षा करा म्हणून दरबारात रेटा लागला, त्याच दिवशी, १४५५ च्या जुलैत, राजानं गादी काकाच्या स्वाधीन केली. कागदोपत्री हे 'स्वेच्छेनं' झालं. राज्य तीन वर्षांचं भरलं. मुलगा चौदाव्या वर्षात होता आणि त्याचं पद आता 'माजी राजे'.

चीनच्या मिंग बादशहाची मान्यता तेव्हा लागत असे. ती अडली नाही. चीनमध्येच १४०२ मध्ये योंगल नावाच्या काकानं पुतण्याची गादी लढून घेतली होती आणि त्याचेच वंशज पुढे राज्य करत होते. त्यांनी कोणत्या तोंडानं हरकत घ्यायची?

गादी सोडली होती, मग जीव का घेतला?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. राजवाडा सोडला, शिक्का दिला, आता त्या पोरापासून काय भीती?

भीती पोराची नव्हती, त्याच्या नावाची होती. सेजोंगनं एक विद्वत्सभा चालवली होती. तिथले तरुण पंडित हांगुलच्या कामात होते आणि नातवाला सांभाळा असं म्हाताऱ्या राजानं त्यांना सांगितल्याची आठवण ते बाळगून होते. त्यांच्यापैकी सोंग साम-मून, बाक पेंग-न्योन आदींनी १४५६ मध्ये बेत आखला. चिनी दूतांच्या मेजवानीत राजामागे तलवारधारी रक्षक उभे राहतात. ते आपले असतील आणि तिथेच सुयांगचा निकाल लावायचा. ऐन वेळी हान म्योंग-होनं दालन अडचणीचं आहे म्हणून तलवारधारी नकोत असं ठरवलं. बेत पुढे ढकलला, आणि कटातल्याच एकानं घाबरून सासऱ्याला सांगितलं. सासऱ्यानं थेट सुयांगला.

छळ झाला, मुंडकी उडाली. चौकशीत सोंग साम-मून सुयांगला 'महाराज' न म्हणता साधं 'साहेब' म्हणत राहिले, आणि त्याच्या राज्यात मिळालेलं पगाराचं धान्य घरात जसंच्या तसं पडलेलं सापडलं, या आठवणी पुढच्या पिढीनं लिहून ठेवल्या. यांतलं किती घडलं आणि किती नंतर घातलं हे वेगळं करणं अवघड आहे. कोरियात हे सहा जण 'सहा हुतात्मा मंत्री' म्हणून ओळखले जातात. सुयांगनं ती विद्वत्सभाच बंद केली.

त्याच सभेतला सोंगचा सहकारी शिन सुक-जू मात्र सुयांगबरोबर गेला आणि मोठमोठी पदं भूषवून मेला. मुगाच्या मोडांना कोरियात 'सुकजू' म्हणतात, ते लवकर आंबतात म्हणून याच माणसाचं नाव त्यांना पडलं, अशी लोककथा आहे. लोकांनी आपल्यापरीनं सूड उगवला, दुसरं काय. माणूस कर्तबगार होता, हेही तितकंच खरं.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे. पोरानं काहीही न करता त्याच्या नावावर कट शिजतो, हे सुयांगला कळून चुकलं. १४५७ मध्ये 'माजी राजे' हे पद काढून त्याला नोसानगुन केलं आणि पूर्वेच्या डोंगराळ मुलखात योंगवोलला पाठवलं. तिथली चोंग्न्योंगपो ही जागा आजही बघता येते. तीन बाजूंना नदीचं वळण, चौथ्या बाजूला उभा कडा. तुरुंगाला भिंत घालायची गरजच नाही. बाहेर यायला आजही नावेनंच यावं लागतं. वाळवंटाच्या आत पाइनचं बन आहे आणि त्यात दोन फांद्यांचा एक जुना, सुमारे तीस मीटर उंच पाइन आहे. मुलगा त्याच्या बेचक्यात बसत असे आणि झाडानं त्याचं रडणं ऐकलं, अशी समजूत आहे.

पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणून त्याला गावातल्या सरकारी वाड्यात हलवलं. इकडे हद्दपार झालेल्या ग्युमसोंग काकानं सुनहुंगला त्याच्यासाठी पुन्हा माणसं जमवायला सुरुवात केली. तेही फुटलं. ग्युमसोंगला मृत्युदंड झाला आणि त्याच सुमाराला, चांद्र दहाव्या महिन्यात, मुलगाही गेला. वय सोळा.

तो नेमका कसा गेला?

दरबारी इतिहास म्हणतो, ग्युमसोंगची बातमी ऐकून त्यानं गळफास घेतला आणि त्याला रीतसर मूठमाती दिली. दुसरी परंपरा म्हणते, विषाचा पेला घेऊन अधिकारी आला, पण त्याला तो पुढे करवेना; तेव्हा गावातल्याच एकानं बक्षिसाच्या आशेनं गळा आवळला. विषच दिलं असंही सांगतात.

माझा दरबारी नोंदीवर विश्वास बसत नाही, आणि त्याचं कारण त्या नोंदीचाच दुसरा भाग आहे. रीतसर मूठमाती दिली असती तर थडगं ठाऊक असतं. प्रत्यक्षात प्रेताला हात लावायचीही लोकांना भीती होती. ओम हुंग-दो नावाच्या गावकामगारानं ते आपल्या घराण्याच्या डोंगरात नेऊन पुरलं आणि तो परागंदा झाला. थडग्याचा ठावठिकाणा पुढे इतका पुसला गेला की १५४१ मध्ये योंगवोलच्या एका अधिकाऱ्याला ते शोधून काढावं लागलं.

मागे राहिलेल्या बायका

राणी सोंग सतरा वर्षांच्या आसपास विधवा झाली आणि १५२१ पर्यंत जगली. म्हणजे चौसष्ट वर्षांचं वैधव्य. सुयांग मेला, त्याचा मुलगा मेला, नातू मेला, पणतू गादीवरून हाकलला गेला, आणि ही राजधानीच्या पूर्व वेशीबाहेर राहतच होती. कापड जांभळं रंगवून पोट भरत असे, अशी आठवण त्या भागातल्या एका झऱ्याच्या नावात शिल्लक आहे. सरकारी मदत तिनं घेतली नाही; आसपासच्या बायका भाजीच्या टोपलीतून गुपचूप शिधा पोचवत, असंही सांगतात. रोज ती जवळच्या टेकडीवर जाऊन पूर्वेला, योंगवोलच्या दिशेला तोंड करून उभी राहत असे. सोलमध्ये त्या टेकडीला आजही 'पूर्वेकडे पाहण्याची टेकडी' अशाच अर्थाचं नाव आहे.

नणंदेचे हाल वेगळेच झाले. ग्योंगह्येच्या नवऱ्याला १४६१ मध्ये मारलं. तिला दासी करून पाठवल्याची कथा आहे, पण ती वादग्रस्त. तिचा मुलगा जोंग मी-सू मात्र वाचला, कारण त्याला सुयांगच्याच बायकोनं, राणी जोंगहीनं, आश्रय दिला. निपुत्रिक राणी सोंगनं म्हातारपणी या नणंदेच्या मुलाला आपलं मानलं. तोही तिच्याआधी गेला. तिचं थडगं जोंग घराण्याच्याच जमिनीत आहे, नवऱ्यापासून दूर. त्या आवारातला एक पाइन १९९९ मध्ये योंगवोलला नवऱ्याच्या थडग्याजवळ नेऊन लावला.

दानजोंगच्या मेलेल्या आईलाही सोडलं नाही. माहेरच्या माणसांवर कटाचा ठपका आला म्हणून तिचं पद काढून घेतलं आणि थडगं उकरलं. १५१३ मध्ये तिला पुन्हा नवऱ्याशेजारी जागा मिळाली.

पण सुयांग चांगला राजा होता ना?

कामाचा माणूस होता. देशाची कायदेसंहिता त्यानं लिहायला घेतली. ती पूर्ण झाली नातवाच्या काळात, पण पुढची कित्येक शतकं राज्य त्या चौकटीवर चाललं. जमिनीच्या वाटपात त्यानं सुधारणा केली, उत्तरेचं बंड मोडलं. हे नाकारायचं कारण नाही.

पण ज्यांच्या जिवावर गादी मिळवली त्यांना बिदागी द्यावी लागते. हान म्योंग-होसारख्या 'गुणवंत चाकरांना' जमिनी मिळाल्या, पदं मिळाली आणि शिक्षेतून सूट मिळाली. सत्ता मंत्र्यांच्या हातून काढून घ्यायला निघालेल्या माणसानं मंत्र्यांचा नवा, अधिक गब्बर वर्ग तयार केला.

शापाची गोष्टही ऐकली असेल: दानजोंगची आई सुयांगच्या स्वप्नात येऊन थुंकली, त्याचं अंग फुटलं, आणि मुलाच्या खुनाच्या बदल्यात तिनं त्याचा थोरला मुलगा नेला. सुयांग त्वचारोगानं पिडलेला होता, असं सर्रास सांगितलं जातं. पण त्याचा थोरला मुलगा १४५७ मध्येच, दानजोंगच्या मृत्यूच्या महिना-दीड महिना आधी वारला. सूड घ्यायला भूतसुद्धा खून होईपर्यंत थांबेल.

चौदा वर्षांनी तोच पेच

१४६८ मध्ये सुयांग गेला. दुसरा मुलगा येजोंग गादीवर आला आणि १४६९ मध्ये सव्वा वर्ष राज्य करून वयाच्या विसाव्या वर्षी मेला. त्याचा मुलगा तीन वर्षांचा. दानजोंगच्या वेळेसारखंच झालं म्हणायचं: गादीला मोठं माणूस नाही.

फरक एवढाच की या वेळी घरात एक विधवा राणी होती. सुयांगची बायको, जोंगही. तिनं त्याच दिवशी निर्णय दिला. मेलेल्या थोरल्या मुलाचा धाकटा पोर, बारा वर्षांचा, गादीवर बसवला. त्याचा सख्खा मोठा भाऊ होता, त्याला बाजूला ठेवलं; कारण धाकट्याचा सासरा होता हान म्योंग-हो. घरात आजी, घराबाहेर सासरा. पोराला हात लावायची कोणाची टाप होती?

जोंगही सात वर्षं राज्यकारभार बघत होती. जोसॉनमधला विधवा राणीनं राज्य सांभाळल्याचा हा पहिला प्रसंग. मुलगा सज्ञान झाला तशी ती १४७६ मध्ये बाजूला झाली. हा सोंगजोंग, १४९४ पर्यंत राज्य केलेला. त्याचा जन्म १४५७ चा, म्हणजे दानजोंग मेला त्याच वर्षीचा.

दानजोंगकडे जे नव्हतं ते त्याला मारणाऱ्याच्या नातवाला मिळालं. तेही त्या चुलतीकडून, जिनं १४५३ च्या रात्री नवऱ्याचा पाय अडखळला तेव्हा स्वतः त्याच्या अंगावर चिलखत चढवलं होतं, असं सांगतात.

मग अडीचशे वर्षांनी राजा कसा झाला?

यातली खरी अडचण लक्षात घ्या. सुयांगनंतरचा प्रत्येक राजा सुयांगचा वंशज होता. दानजोंग अन्यायानं गेला असं म्हटलं तर आपलीच गादी चोरीची ठरते. म्हणून थडग्याची डागडुजी, पूजेची सोय असं थोडंथोडं होत राहिलं, पण राजा हा शब्द कोणी काढेना.

पंडितवर्गात मात्र सहा मंत्र्यांचा मान वाढतच गेला. राजा सुकजोंगनं हे ओळखलं. मंत्र्यांच्या गटबाजीनं तो स्वतः बेजार होता आणि राजावरच्या निष्ठेचा आदर्श त्याला हवाच होता. १६८१ मध्ये त्यानं नोसानगुनचा दर्जा वाढवला, १६९१ मध्ये सहा मंत्र्यांना निर्दोष ठरवलं आणि १६९८ मध्ये नोसानगुनला पूर्ण राजा केलं: स्मृतिनाम दानजोंग, थडग्याचं नाव जांगनुंग. राणी सोंगलाही राणीपद परत मिळालं. चोरीच्या प्रश्नावर तोड अशी निघाली की दोष पूर्वजाचा नाही. त्यानं तर पुतण्याला 'माजी राजे' म्हणून मानानं ठेवलं होतं, बाकीचं दरबाऱ्यांनी करायला लावलं. इतिहास म्हणून हे लंगडं आहे. राजकारण म्हणून चोख.

जोसॉनच्या राजांची थडगी बहुतेक राजधानीच्या आसपास आहेत. हे तेवढं दूर योंगवोलला, जिथे ओम हुंग-दोनं पुरलं तिथेच राहिलं. २००९ मध्ये या घराण्याची ४० थडगी जागतिक वारसा यादीत गेली, त्यात हेही आहे. २००७ मध्ये, मृत्यूला ५५० वर्षं झाल्यावर, योंगवोलच्या लोकांनी त्याची राजाच्या इतमामानं अंत्ययात्राही काढली.

मालिकेतलं किती खरं मानायचं?

दानजोंगच्या तीन वर्षांचा दरबारी इतिहास सुयांगच्या बाजूच्या लोकांनी लिहिला आणि त्याला राजाचा इतिहास न म्हणता 'नोसानगुनची रोजनिशी' म्हटलं. उलट बाजूच्या कथा नंतर, हुतात्म्यांवर जीव असलेल्यांनी लिहिल्या. मालिका लिहिणारे दोन्हींतून सोयीचं उचलतात: मारामाऱ्या पहिल्यातून, अश्रू दुसऱ्यातून. म्हणून तारखा, नेमणुका, कोण कधी मेलं हे रोजनिशीतून घ्यावं आणि का मेलं याबद्दल तिचं ऐकू नये. १६९८ नंतर तिच्या मुखपृष्ठावर 'दानजोंग महाराजांचा इतिहास' असं नवं नाव घातलं. आतल्या पानांच्या कडांवर अजूनही 'नोसानगुनची रोजनिशी' हेच छापलेलं आहे.